निळा ताव

करंजकोंडात कुणी नवी वस्तू आणली तर ती गुपचूप घरात न्यायची आणि भिकू पार्टेला जमेल तितकी उशिरा दाखवायची, हे आता पोरासोरांनाही ठाऊक होतं. भिकूच्या हाती वस्तू पडली की तो ती बोटाच्या पेराने वाजवी, कान लावी, तोंड वाकडं करी आणि म्हणे, "फसलास रे बाबा." मग ती कळशी असो, छपराचा पत्रा असो, नाहीतर पोलादपूरच्या बाजारातला कोयता. मोरू चोरगेने मुलीच्या लग्नात कपाट दिलं, तर ह्या गृहस्थाने भर मांडवात, वरपक्षाच्या देखत ते वाजवलं आणि "पत्रा हलका हाय" म्हणून जाहीर करून टाकलं. मोरूची बायको त्यानंतर दोन महिने चंद्राबाईशी बोलली नाही. चंद्राबाई म्हणजे भिकूची बायको. नवऱ्याने तोडलेली माणसं पुन्हा जोडत फिरण्यात तिचा जन्म गेला.

बरं, संशय लोखंडापुरता असता तर एक वेळ चाललं असतं. पण रेशनचा काटा, एसटीचा कंडक्टर, सरकारी दवाखान्यातली गोळी, सगळ्यांत काहीतरी काळंबेरं आहेच, असं धरूनच हा माणूस चाले. मुंबईहून मुलाचा, भरतचा फोन आला आणि तो "बरा हाय" म्हणाला, की भिकू फोन ठेवून म्हणे, "कायतरी लपवतोय."

"अवो, पोरगा बरा हाय म्हणतो तर बरा असंल," चंद्राबाई म्हणे.

"तुला काय कळतंय गो," हे त्यावरचं ठरलेलं उत्तर.

लोखंडाच्या बाबतीत मात्र गावात त्याचा शब्द शेवटचा होता, हे शत्रूलाही कबूल करावं लागे. विशीच्या आत तो मुंबईला गेला आणि भांडुपच्या एका फोर्जिंग कारखान्यात त्याने एकतीस वर्षं हॅमरवर काढली. भट्टीतला लालभडक तुकडा सांडशीत धरून काढायचा, हॅमरखाली ठेवायचा, वरून टनभर वजन दणकन येऊन आदळायचं. उघड्या डोळ्यांनी दिवसभर त्या भट्टीत बघायचं. चष्मे दिले होते कारखान्याने, पण चष्म्यातून रंग खोटा दिसतो म्हणून भिकूने ते कधी लावले नाहीत.

तिथल्या उस्तादाने, एका म्हाताऱ्या पंजाब्याने, त्याला ताव ओळखायला शिकवलं. ताव म्हणजे लोखंडाची गरमी. हॅमरवाले ती अंशांत मोजत नसत, रंगावरून ओळखत. उस्ताद म्हणायचा, "लाल लोहा सच बोलता है, ठंडा लोहा चुप बैठता है, नीला लोहा झूठ बोलता है." लाल तावात लोखंड मऊ, कितीही झोडा, ऐकतं. थंड लोखंड हट्टी, पण वाकणार असेल तर सांगून वाकतं. दगाबाज तो मधला. लाली गेली आणि लोखंड पुरतं निवालंही नाही, असा जो निळा ताव येतो, त्यात माणूस फसतो. त्याला वाटतं, गरम आहे म्हणजे मऊच असणार. हळूहळू दाबलं तर एखादे वेळी निभावतंही. पण घणाचा झटका बसला की ते आतल्या आत बिघडतं आणि वरून काही दिसत नाही. तुकडा निवतो, कामाला लागतो, महिनोन्‌महिने गुमान राहतो. मग एखाद्या थंडीच्या सकाळी जरासा दणका बसायचा अवकाश, काटकन दोन तुकडे! असल्याच एका पिनेने शेजारच्या हॅमरवरच्या माणसाचा पाय नेलेला भिकूने पाहिला होता. त्या दिवसापासून निळा दिसला की त्याचा घण खाली.

निळा ओळखायची रीतही उस्तादाचीच. काळ्या लोखंडावर रंग उमटत नाही, म्हणून कानशीचे दोन हात मारून बोटभर जागा चकचकीत करायची. ताव निळा असला तर त्या जागेवर बघता बघता निळी झाक चढते. ताव उतरला असला तर जागा पांढरीच राहते. पांढरी राहिली की खुशाल हात चालवावा.

तळीये गावावर डोंगर कोसळला त्याच पावसात करंजकोंडचा साकव, म्हणजे नदीवरचा पायपूल, वाहून गेला. नदी उन्हाळ्यात घोट्याएवढी, पण पावसाचे चार महिने पलीकडचा डांबरी रस्ता नुसता दिसतो, गाठता येत नाही. दोन पावसाळे लोकांनी दात-ओठ खाऊन काढले. एका बाळंतिणीला झोळीत घालून वरच्या वाटेने तीन तास न्यावं लागलं, तेव्हा मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने मनावर घेतलं आणि झुलता पूल ठरला. दोन्ही काठांवर खांब, खांबांवरून जाड वायररोप, रोपाला हुकाने अडकवलेल्या उभ्या सळया आणि त्या सळयांच्या आधाराने फळ्यांची वाट. काम दिलं राजेंद्र सालेकरला. त्याचं पोलादपुरात वेल्डिंगचं वर्कशॉप. माणूस चाळिशीचा, मेहनती आणि बोलायला गोड. आता गोड बोलणारा माणूस म्हटला की भिकूचा वहीम आलाच.

"भंगारातल्या सळया आणील, वरून रंग मारील. कोण बघतोय?" भिकू देवळाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. ते राजेंद्रच्या कानावर गेलं. तो सरळ भिकूच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"काका, सळया मी चांगल्या कंपनीच्या आणतो. हुक तुम्हीच वाकवा. तुमच्याएवढा जाणकार मला तरी कुठं मिळणार? मग तर झालं?"

भिकू चपापला. ह्यातही काहीतरी डाव असणार असं त्याला वाटलं, पण डाव सापडेना. शेवटी तो हो म्हणाला.

चाळीस सळया आल्या. भिकूने चाळीसच्या चाळीस वाजवल्या, दोन परत पाठवल्या, बदलून आलेल्या पुन्हा वाजवल्या. मग चैत्रात अंगणातल्या आंब्याखाली पंख्याची भट्टी पेटवून तो कामाला लागला. लाल तावात सळई ऐरणीवर घेऊन तिला वाक द्यायचा, तोवर लाली उतरलेली असे, मग थांबायचं, कानस मारायची, बघायचं, आणि ताव उतरला की घणाचे चार घाव घालून हुकाचं तोंड मिटवायचं. धुराने डोळ्यांना सारखं पाणी येई, ते तो पंच्याने पुशी. चंद्राबाई म्हणाली, "दमानं घ्या, मिरगाला अजून लय दिवस हायत." पण त्याला हौस आली होती. हाताला इतक्या वर्षांनी घण लागला होता. मृग लागायच्या आत पूल उभा राहिला आणि त्या पावसाळ्यात गावातलं एकही माणूस अडकलं नाही. दूध वेळेवर गेलं, पोरं शाळेत गेली. भिकू पुलाच्या तोंडाशी उभा राहून आल्यागेल्याला सांगे, "हुक माझे हायत."

पुढे पौषातल्या एका सकाळी मोरू चोरगे भाताचं पोतं खांद्यावर घेऊन गिरणीकडे निघाला. थंडी अशी की फळ्यांवर दव गोठल्यासारखं वाटत होतं. पुलाच्या मध्यावर त्याने दम खायला पोतं खाली टाकलं. काटकन आवाज झाला, एक सळई रोपावरून सुटली, फळी तिरकी झाली आणि पोतं थेट नदीत. मोरू दोन्ही हातांनी रोप धरून बोंबलत राहिला. लोकांनी त्याला ओढून काढलं. गुडघा फुटला, बाकी माणूस धड होता.

"आपटलंस ना रे पोतं?" भिकूने पहिला प्रश्न हा केला.

"आपटलं नाय, ठेवलं! मी हिकडं मरत होतो आणि तू माझीच चौकशी कर!"

भिकूने पाण्यात उतरून तुटलेला हुक शोधून काढला. पहिला संशय मोरूवरच गेला. कपाटाचा राग धरून ह्याने करवत तर मारली नसेल? त्याने तुटलेली जागा बोटाने चाचपली. करवतीची खूण नव्हती. लोखंड जरासुद्धा ताणलं नव्हतं, तुटल्या जागी साखरेसारखे दाणे. चांगलं लोखंड असं तुटत नाही, आधी लांबतं, वाकतं, मग तुटतं. भिकूच्या तोंडावर एक कडवट समाधान आलं.

"माल!" तो ओरडला. "बोललो होतो ना मी? राजेंद्रानं माल मारला!"

त्याने स्वतः पुलाच्या दोन्ही तोंडांना दोर बांधले आणि कुणालाही पुलावर जाऊ दिलं नाही. नदीला गुडघाभर पाणी होतं, लोक कुरकुरत त्यातून जाऊ लागले. पण पाऊस पाच महिन्यांवर होता, आणि त्याआधी पूल धड झाला पाहिजे हे सगळ्यांना कळत होतं. रविवारी देवळात सभा ठरली. राजेंद्रवर पोलिसांत तक्रार द्यायची, मुंबईच्या मंडळाला कळवायचं, तालुक्यात पुन्हा त्याला काम मिळू द्यायचं नाही. सगळं ठरल्यातच जमा होतं, फक्त भिकूने सभेत उभं राहून दोन शब्द बोलायचे बाकी होते. आणखी दोन वाड्यांनी राजेंद्रला असेच पूल सांगितले होते. त्यांनी चार दिवसांत निरोप धाडला की आता नको.

शुक्रवारी सकाळी राजेंद्र आला. गोड बोलणं पार आटलं होतं.

"काका, माझं घर तुमच्या एका शब्दावर आलंय. मी कसम खाऊन सांगत नाय, तुमचा विश्वास बसायचा नाय. तुकडा तपासू. महाडला एमआयडीसीत लॅब हाय."

"तुझ्या वळखीची?"

"वळख नाय. आणि तुकडा तुम्हीच न्या, तुम्हीच द्या. मी हात बी लावणार नाय."

भिकूने तुटलेला हुक घेतला, त्याची खालची सळई घेतली, अंगणात सळया कापून उरलेले तीन तोडे घेतले, प्रत्येकावर कानशीने आपली खूण केली आणि सगळं पिशवीत बांधून मांडीवर घेऊन तो एसटीत बसला. राजेंद्र दोन बाकं पुढे. महाड येईपर्यंत भिकूने पिशवीवरचा हात काढला नाही.

लॅबमध्ये अनुपमा नावाची इंजिनियर होती, तिशीतली. भिकूने आधी तिचं गाव विचारलं, मग माहेर, मग सालेकरांशी काही सोयरिक आहे का तेही विचारून घेतलं. ती हसून म्हणाली, "नाही काका, काही नाही. बसा तुम्ही." पण भिकू बसला नाही. तुकडे कापून, घासून, मधे खाच पाडून बोटाएवढे नमुने तयार व्हायला दुपार झाली. तोवर तो यंत्रापासून हलला नाही. चंद्राबाईने दिलेली भाकरीही त्याने उभ्यानेच खाल्ली.

मग अनुपमाने ते मोठं यंत्र दाखवलं. एक जड लोखंडी लोलक उंच उचलून ठेवलेला. तो सोडला की खाली झोका घेत येतो आणि वाटेतल्या नमुन्यावर आदळतो. नमुन्याने जितका जोर खाल्ला तितका लोलक पलीकडे कमी चढतो. भिकूला हे लगेच कळलं, आपल्याच हॅमरचा हा भाऊ होता. पहिला नमुना सळईच्या सरळ भागातला. लोलक आदळला, धप्पकन आवाज झाला, तुकडा दुमडला पण तुटला नाही आणि लोलक पलीकडे जेमतेम चढला. थंडीत काय होतं ते बघायला तिने दुसरा बर्फातून काढून लावला. त्यानेही चांगला जोर खाल्ला. भिकूच्या खुणेच्या तोड्यांचे नमुनेही तसेच निघाले.

"माल चांगला आहे काका," अनुपमा म्हणाली. "आता हा बघा. त्याच सळईचा, पण वाकाजवळचा."

लोलक आला आणि मधे काही नसल्यासारखा निघून गेला. बिस्किटासारखे दोन तुकडे खाली पडले.

"एकच सळई आहे," ती म्हणाली. "वरची वीत मेलेली, खालची जिवंत. कारखान्यातून ती अशी आलेली नाही. हुकाचं तोंड कुणीतरी निळ्या तावात मिटवलंय, आणि तेही जोरात ठोकून. हळू दाबलं असतं तर इतकं बिघडलं नसतं. मग थंडी पडली आणि दणका बसला."

भिकूच्या कानशिलाची शीर उडायला लागली. निळ्या तावात? त्याने? जी गोष्ट त्याने एकतीस वर्षांत एकदा केली नाही, ती ही कालची पोर त्याच्या नावावर मारत होती.

"पोरी, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी निळा बघून घण ठेवतोय," तो म्हणाला आणि राजेंद्रकडे वळला. "किती दिलेस रे हिला?"

अनुपमाचा चेहरा लाल झाला. तिने भिकूच्या खुणेचा एक तोडा उचलला, घासून लख्ख केला, छोट्या भट्टीत ठेवला आणि थोड्या वेळाने चिमट्याने काढून विटेवर ठेवला.

"काका, ह्याला आता घण मारायचा का?"

भिकू वाकला. उजेडाकडे मान करून त्याने नीट पाहिलं. अशी परीक्षा त्याने हजार वेळा दिली होती.

"मार की. पांढरा हाय. ताव उतरलाय."

राजेंद्रने मान खाली घातली. त्याला हसायला ही चांगली वेळ होती, पण तो हसला नाही, आणि तेच भिकूला खटकलं.

"काका," अनुपमा हळूच म्हणाली, "हा निळा आहे. चांगला गडद निळा."

"खेळ करताय माझा? दोघांनी मिळून?"

तिने तुकडा पाण्यात निववला आणि त्याच्या हातावर ठेवला. "निवला तरी रंग जात नाही. बाहेर कुणालाही दाखवा."

भिकू तरातरा बाहेर गेला. गेटजवळ गीताबाई नावाच्या बाईची चहाची टपरी होती. तिला ना राजेंद्र ठाऊक, ना अनुपमा.

"बाई, ह्याचा रंग कंचा?"

"निळा की."

"नीट बघा!"

"अवो निळाच हाय, मोराच्या मानेसारखा! लोखंडाला असा रंग देतात व्हय?"

त्याने गेटवरच्या वॉचमनला दाखवला. निळा. उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला दाखवला. निळा. रस्त्याने जाणाऱ्या एका म्हातारीला थांबवून दाखवला. तिने तुकड्याकडे पाहिलं, मग ह्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "निळा हाय बाबा. तुला दिसत नाय?"

भिकू टपरीच्या बाकावर बसला. गीताबाईने न सांगता चहा ठेवला. आख्खं महाड राजेंद्रने विकत घेतलं असेल, असं म्हणायला त्याची जीभ उचलेना. त्याने तुकडा पुन्हा डोळ्यांसमोर धरला. स्वच्छ, पांढरट, निवलेलं लोखंड. आणि मग त्याला भीती वाटली, साफ भीती वाटली. कारण त्याला आठवलं की चैत्रात त्याने प्रत्येक हुकाला कानस मारली होती, प्रत्येक वेळी निळा शोधला होता, तो दिसला नव्हता आणि प्रत्येक वेळी त्याने घण उचलला होता. एका हुकाची चूक असती तर गोष्ट वेगळी. त्याने चाळीस वेळा नीट बघून चाळीस वेळा तीच चूक केली होती. सगळा पावसाळा पोरं त्या हुकांच्या भरवशावर शाळेत गेली होती, आणि हा पुलाच्या तोंडाशी उभा राहून हुक माझे म्हणत होता.

राजेंद्र येऊन शेजारी बसला.

"लॅबचा कागद मला मिळालाय," तो म्हणाला. "पण तो सभेत मी तुमच्या आधी काढणार नाय. आधी तुम्ही बोला, काय बोलायचं ते."

"का?"

"तुमच्यासमोर कागद फडकावून मला काय मिळणार, काका?"

परतीच्या एसटीत दोघं एकाच बाकावर बसले.

रविवारी देऊळ भरलं होतं. पुरुष सभामंडपात, बायका बाजूच्या ओट्यावर. राजेंद्र खांबाला टेकून एकटाच उभा. भिकू उठला तेव्हा लोकांनी माना वर केल्या. आता राजेंद्रची काही धडगत नाही, असंच सगळ्यांना वाटलं.

"माल चांगला हाय," भिकू म्हणाला. "हुक मी बिघडवले. निळ्या तावात ठोकले. चाळीसच्या चाळीस काढून टाका."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग गुडघ्याला पट्टी बांधलेला मोरू बसल्या जागेवरून म्हणाला, "किती घेतलेस रे भिकू?"

कुणीतरी फिसकन हसलं. दुसरा म्हणाला, "शुक्रवारी दोघं संगतीनं महाडला गेलेले, मी स्वतः बघितलं." तिसरा म्हणाला, "येताना एका बाकावर!" आणि मग सगळीकडून आवाज उठला. राजेंद्रने कागद काढला, तर तो कुणी हातात घेईना. कागद काय, कुणीही छापून आणतो. भिकू उभाच राहिला. राग यावा असं त्याला फार वाटत होतं, पण येईना. ह्या गावाला इतका संशय घ्यायला शिकवलं कुणी, हे विचारायला त्याला तोंड नव्हतं.

"डोळे गेलेत माझे," तो म्हणाला. "निळा दिसत नाय मला."

"परवापर्यंत दिसत होता, आजच गेला?" मोरू म्हणाला.

तेवढ्यात ओट्यावरून चंद्राबाई उठली. ही बाई सभेत कधी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"परवा नाय, दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "निळं लुगडं नेसले की पांढरं का नेसलीस, इचारतात. पोराचा निळा शर्ट मागितला तर करडा काढून देतात. पोलादपुरात डोळ्यांचं शिबिर होतं, मी ह्यांचं नाव घालून आले होते. तर म्हणाले, तिथं डोळे काढून विकतात, तुला कोण फितवलं? मग मी गप बसले. मला मेलीला काय ठाऊक, हुकाला बी डोळे लागतात!"

भिकू तिच्याकडे वळला.

"मला धड का नाय सांगितलंस गो?"

"सांगितलं होतं की! पण तुम्ही मलाच वाजवून बघितलंत." हे बोलताना तिला रडू फुटलं आणि ती पदर तोंडाला लावून खाली बसली.

मोरूने मान खाली घातली. म्हाताऱ्या चंपाबाईने ओट्यावरून राजेंद्रला हाक मारली, "अरे, तो कागद हिकडं दे. वाच कुणीतरी." कागद वाचला गेला. तक्रारीचं कुणी पुन्हा नाव काढलं नाही. हुक नव्याने करायचे ठरले आणि राजेंद्रने ते करावेत असंही ठरलं. भिकूचं नाव मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी घातलं, तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली.

राजेंद्र भिकूच्याच अंगणात सामान घेऊन आला. "भट्टी तुमचीच वापरू," तो म्हणाला. "आणि घणाला माझा हात तुमच्याइतका बसत नाय. ताव मी बघतो, घाव तुम्ही घाला." गावातल्या दोघा-चौघांनी नाकं मुरडली. म्हातारा पुन्हा घोटाळा करील, त्याला लांब ठेवा, असं मोरू उघड म्हणाला. भिकूही नको नको म्हणत होता. राजेंद्रने कुणाचं ऐकलं नाही.

पहिली सळई लाल झाली. भिकूने तिला वाक दिला तो इतका सुरेख की कुंपणावर बसलेल्या मोरूच्या तोंडूनही "वा" निघून गेलं. हुकाचं तोंड मिटवायचं राहिलं. लाली गेली. सवयीने भिकूने कानस घेतली, दोन हात मारले आणि वाकून पाहिलं. जागा पांढरी होती. त्याने घण उचलला.

"थांबा, काका," राजेंद्र म्हणाला.

भिकूने पुन्हा वाकून पाहिलं. लख्ख पांढरं लोखंड. इतकं उघड दिसत असताना हा पोरगा थांबा का म्हणतोय? सगळ्या गावासमोर हात अडवून दाखवायचाय काय ह्याला? आयुष्यभराची ती जुनी शंका त्याच्या घशापर्यंत आली.

"अजून?" त्याने विचारलं.

"अजून."

घण खांद्यावर जड होत चालला होता. भिकूने आणखी एकदा पाहिलं. त्याच्या डोळ्यांना लोखंड पांढरंच दिसत होतं. तो राजेंद्रच्या तोंडाकडे बघत, घण तसाच धरून उभा राहिला.